गावाला घर, कल्याणला रूम

आमच्या शहापूर-मुरबाडकडे गावातल्या घराला घर म्हणतात आणि कल्याणला घेतलेल्या घराला रूम. ती वन आरके असो की टू बीएचके, तिचं कर्ज फिटून पाच वर्षं झालेली असोत, ती रूमच. 'धाकट्यानं कल्याणला रूम घेतली म्हणे' हे वाक्य लग्नात, दहाव्याला, म्हशाच्या जत्रेत, कुठेही कानावर पडतं. त्यात कौतुक असतं, थोडा हेवा असतो आणि 'आता हा फक्त सणाला येणार' हेही असतं.

यंदा हा विषय आमच्या घरात आला आहे. माझं माहेर मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावर. सासर शहापूर तालुक्यात, आसनगाव स्टेशनला रिक्षाने पोचता येईल अशा गावात. मी कल्याणच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि रोज अपडाउन करते. नवरा पडघ्याकडच्या एका गोदामात आहे. मुलगी जूनमध्ये पाचवीत जाईल. तेव्हा जायचं का?

आम्ही वहीत यादी केली. एका बाजूला नळाचं पाणी, शाळा, दवाखाना, माझे वाचणारे रोजचे दोन-अडीच तास. दुसऱ्या बाजूला भाडं, डिपॉझिट, भाताचं रान, सासूबाई. चार-पाच दिवस ती वही टीव्हीशेजारी पडून होती. मी ती पुन्हा चाळली तेव्हा धंद्याची सवय म्हणून म्हणा, मला एक गोष्ट दिसली. त्यातली जवळपास प्रत्येक ओळ कुठल्या तरी सालात तयार झाली आहे. कल्याणला नळ असणं आणि आमच्याकडे नसणं हे काही निसर्गाने दिलेलं नाही. ते कुणीतरी, कधीतरी, कागदावर ठरवलेलं आहे. म्हणून ही यादी सालांसकट मांडते. ज्यांच्या घरात असाच विषय चालू आहे त्यांना उपयोग झाला तर झाला.

वाटेवरचं गाव

कल्याणला जाणं ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही. जुन्नरकडून नाणेघाट उतरलं की वैशाखरे, टोकावडे, मुरबाड आणि मग कल्याण. दोन हजार वर्षांपूर्वी घाटावरचा माल याच वाटेने बंदराला यायचा. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे तो जकातीचा होता असं सांगतात. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांत कल्याणच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्येही कल्याण आहे, पण तक्रारीच्या सुरात. पूर्वी ही रीतसर बाजारपेठ होती, आता सत्ता बदलली आहे आणि चुकून इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो म्हणतो. म्हणजे नशीब काढायला कल्याणला जायचं आणि पोचल्यावर नियम बदललेले पाहायचे, हा अनुभवही तितकाच जुना आहे.

वर्गात हे सांगितलं की मुरबाडकडची मुलं विचारतात, 'मॅडम, मग तेव्हा मुरबाडला काय होतं?' प्रामाणिक उत्तर असं की मुरबाड वाटेत होतं. जी गावं वाटेत असतात त्यांच्यावरून खूप काही जातं. त्यातलं किती थांबतं, हा वेगळा प्रश्न.

रूळ कुठून गेले

यादीतली 'प्रवास' ही ओळ १८५० च्या दशकातली आहे. १८५३ मध्ये गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला, १८५५ मध्ये वाशिंदला. मग काही वर्षं थांबून १८६० मध्ये आसनगाव, १८६१ मध्ये कसारा, आणि थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरी. मधल्या काळात, १८५६ मध्ये, कल्याणहून दुसरी लाइन पळसदरीकडे, बोरघाटाच्या पायथ्याशी गेली. नकाशा काढून बघा. कल्याणपासून दोन फाटे फुटतात, एक ईशान्येला, एक दक्षिणेला. मुरबाड तालुका बरोबर त्या बेचक्यात राहतो, कुठल्याच रुळाला न लागता.

आणि हे असंच होणार होतं असं नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सुरुवातीच्या आराखड्यात सह्याद्री चढण्यासाठी माळशेज घाटाचा विचार होता. पाहणीत ती चढण फार अवघड ठरली, थळ आणि बोर हे घाट निवडले गेले, आणि माळशेज मागे पडला. माझ्या माहेरच्या अंगणातून गाडी गेली असती. आज मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या गोष्टी मी शाळेत होते तेव्हापासून ऐकते आहे.

या एका निर्णयाने दोन शेजारच्या तालुक्यांतली माणसं वेगवेगळ्या रीतीने जगली असं माझं मत आहे. लोकांना वाटतं रेल्वे आली की गावं रिकामी होतात. आमच्याकडे मला उलटं दिसतं. शहापूरचा माणूस रेल्वे होती म्हणून गावात राहू शकला, आणि मुरबाडचा माणूस रेल्वे नव्हती म्हणून गाव सोडून गेला. हे विधान सरसकट आहे, अपवाद भरपूर सापडतील, पण माझ्या दोन्ही घरांत ते तंतोतंत बसतं. सासरचे चुलते सगळे पासवाले. पहाटेची कसारा लोकल पकडायची, कल्याण-ठाण्याला काम करायचं, रात्री घरी. भाताची लावणी-कापणी रजा टाकून. माहेरचे माझे दोन्ही काका मात्र विशीतच कल्याण-उल्हासनगरकडे राहायला गेले. मुरबाड-कल्याण अंतर काही फार नाही, तीसएक किलोमीटर. पण दुसऱ्या पाळीतून सुटलेल्या माणसाला परतायला गाडी नसेल तर ते अंतर मुक्कामाचं होतं. शेवटची एसटी किती वाजता आहे यावर आमच्या घरातल्या माणसांचे पत्ते ठरले.

पावसाळ्यात तर अजूनच. उल्हास नदीला पूर आला आणि रायत्याच्या पुलावर पाणी चढलं की कल्याण-मुरबाड रस्ता बंद. माझ्या वर्गात जुलैच्या हजेरीपटात मुरबाडकडची मुलं कोणती, हे पत्ता न बघता सांगता येतं.

पण पासवाल्यांचंही सगळं ठीक आहे असं समजू नका. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच दोन रुळांवरून धावतात. एक्स्प्रेस पुढे काढायची म्हणून आमची लोकल उभी राहते, हा रोजचा धडा. तिसऱ्या मार्गाचं काम इतकी वर्षं चाललं आहे की त्याच्याकडे बघत पोरं नोकरीला लागली. २९ ऑगस्ट २०१७ ला सकाळी नागपूर-मुंबई दुरांतो आसनगाव-वाशिंदच्या दरम्यान रुळावरून घसरली आणि त्यापुढचे काही दिवस आमचा अख्खा तालुका कल्याणपासून तुटला. अशा वेळी कळतं की गावात राहून शहरात कमावणं हे सगळं आयुष्य दोन रुळांवर टेकलेलं आहे.

पाणी

यादीत सर्वांत वर मी 'नळ' लिहिलं होतं. या ओळीवर जरा थांबते, कारण तिच्यात सर्वांत जास्त सालं आहेत.

१८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झालं. शहापूर तालुक्यातलं पाणी पाइपातून मुंबईला जायला लागलं त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडक सागर झाला, नानासाहेब मोडक या इंजिनियरांच्या नावाचा. मग भातसा. २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी लागतं म्हणतात. त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसातून जातं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी एवढेच मुंबईत आहेत.

आणि ज्या तालुक्यातून हे सगळं जातं तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. ही बातमी दर वर्षी छापून येते, दर वर्षी तोच फोटो असतो, विहिरीच्या काठावर उभ्या बायका. परगावचे लोक चकित होतात. कारण मात्र साधं आहे. धरणं डोंगरांच्या मधल्या खोलगट जागी असतात, पाडे उंचावर असतात. पाणी उतारावरून आपोआप मुंबईकडे जातं. वर चढवायला मात्र पंप लागतो, वीज लागते, योजना लागते आणि त्या योजनेचं बिल भरणारं कुणीतरी लागतं. मुंबईकडे तो पैसा १८९२ लाही होता. ग्रामपंचायतीकडे तो आजही नाही.

मुरबाडच्या बाजूला बारवी. हे धरण एमआयडीसीचं, १९७० च्या दशकातलं. त्याचं पाणी कारखान्यांना, आणि कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सगळ्या पट्ट्याला जातं. पुढे त्याची उंची वाढवली आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते नव्या पातळीपर्यंत भरलं. तोंडली, काचकोली, मोहघर या भागातल्या लोकांना जागा सोडावी लागली. लांबलेल्या लढ्यानंतर बाधित कुटुंबातल्या एकाला एमआयडीसीत किंवा ते पाणी घेणाऱ्या महापालिका-नगरपालिकांमध्ये नोकरी द्यायचं धोरण ठरलं. म्हणजे आधी गावचं पाणी शहरात गेलं आणि त्याच्या मागोमाग गावचा एक माणूस, त्याच पाण्याची पट्टी घेणाऱ्या ऑफिसात. याला स्थलांतर म्हणायचं की भरपाई, मला ठरवता येत नाही. पण पूर्वी धरणात घर गेलेल्यांना तेवढंही मिळत नसे, त्यामुळे मी याला कमी लेखणार नाही.

सगळंच मुकाट्याने गेलं असंही नाही. काळू नदीवरच्या धरणाचं काम परवानग्यांआधीच सुरू झालं तेव्हा मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटना त्याविरुद्ध उभी राहिली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबवलं. त्याच्याही आधी, १९४२ च्या चळवळीत, भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या परिसरात कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. सिद्धगड मुरबाड तालुक्यात आहे. दर वर्षी तिथे लोक जमतात. आमच्याकडच्या मुलांना ही तारीख पाठ असते, पण ते मनोरे कुठे वीज नेत होते हे फारसं कुणी विचारत नाही.

तर माझ्या यादीतलं 'कल्याणला नळ आहे' हे वाक्य खरं तर असं लिहायला हवं: कल्याण पट्ट्याच्या नळाला येणारं पाणी निम्मंअर्धं आपल्याच डोंगरातलं आहे आणि ते घ्यायला आपल्याला भाडं भरून खाली जावं लागतं. सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग काय, वरच राहून तहानेली राहायची पोर?" तेही खरंच.

शहर कुणाचं

कल्याणला आपण 'गेलो' असं म्हणतो, जणू ते तिथल्या मूळ लोकांचं आहे आणि आपण पाहुणे. पण हे शहरच मुळी आलेल्यांचं आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठा लष्करी कॅम्प होता. फाळणीनंतर त्या बराकींमध्ये सिंधमधून आलेले लाखभर निर्वासित राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. नंतर शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याला एनआरसी, डोंबिवलीला एमआयडीसी. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. मुंबईशेजारी बसलं म्हणून याला मधलं शहर म्हणायचं. दुसरीकडे कुठे असतं तर मोठ्या शहरांत मोजलं असतं.

माझे काका गेले तेव्हा कारखान्याची नोकरी म्हणजे पीएफ, बोनस आणि निवृत्तीपर्यंतची खात्री. रूम घेण्याचं गणित त्या खात्रीवर उभं होतं. २००९ मध्ये एनआरसी बंद झाली आणि तिथली वसाहत वर्षानुवर्षं थकलेल्या पैशांची वाट बघत राहिली. आता आमच्याकडच्या पोरांना मिळतं ते भिवंडी-पडघ्याच्या गोदामातलं काम, कंत्राटावर. गोदाम हायवेला असतं, शहरात नसतं. त्या कामासाठी कल्याणला राहायची गरजच नाही, शहापूरहून बाइकने जाता येतं. तेव्हा आज जे कल्याणला जातात ते नोकरीसाठी कमी आणि मुलांच्या शाळेसाठी, आजारपणासाठी आणि लग्न जमावं म्हणून जास्त जातात. शेवटचं कारण विनोदी वाटेल. 'मुलाची कल्याणला रूम आहे का' हा प्रश्न स्थळ बघताना पहिल्या पाचांत येतो. मलाही विचारायला लावला होता. नव्हती, तरी मी लग्न केलं.

रूम घेण्यातला धोका मात्र काकांच्या वेळेपेक्षा वाढला आहे. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण वाचलं असेल. महापालिकेच्या परवानग्या बनावट, त्यांच्या आधारावर महारेराची नोंदणी, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचा इमारती पाडण्याचा आदेश. ज्यांनी घरं घेतली त्यांत बिल्डर नव्हते, हप्ते भरणारी कुटुंबं होती. आमच्याकडे जमीन विकून रूम घेणारे आहेत. समृद्धी महामार्गात जमीन गेली, पैसे आले, कल्याण-बदलापूरकडे फ्लॅट घेतला, अशी उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत. जमिनीचा सातबारा चार पिढ्या टिकला. फ्लॅटची कागदपत्रं चार वर्षं टिकतील का, हे वकिलाला दाखवल्याशिवाय कळत नाही. मी इथे एक मत ठामपणे देते: भाड्याने जा, कर्जाने जा, पण रान विकून जाऊ नका.

बदलापूरचं नाव आलंच आहे तर पुराचंही सांगते. २००५ च्या २६ जुलैला कल्याण-बदलापूरच्या सखल वस्त्या बुडाल्या. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटीने काढावे लागले. ते पाणी उल्हास नदीचं होतं, डोंगरात पडलेलं. आमच्या डोंगरांतलं पाणी त्यांना नळातून मिळतं आणि कधी कधी दारातूनही.

उलटी वाट

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि पासवाल्यांच्या घरांचा कणाच मोडला. सर्वसामान्यांसाठी ती वेळेच्या अटींसह १ फेब्रुवारी २०२१ ला सुरू झाली, मग पुन्हा बंद. माझं शिकवणं ऑनलाइन गेलं. रेंजसाठी मी टेकाडावर जाऊन बसायचे. चुलत दिरांचे मात्र पगार थांबले. त्याच वेळी कल्याणला रूम असलेले लोक मुलाबाळांना घेऊन गावी आले, कारण वन आरकेमध्ये पाच माणसं किती दिवस कोंडून राहणार? आमच्या आळीत पंधरा वर्षं बंद असलेली तीन दारं त्या उन्हाळ्यात उघडली.

नाशिक हायवेवरून तेव्हा उत्तरेकडची माणसं चालत जात होती. एप्रिल-मेच्या उन्हात, डोक्यावर बॅगा, कडेवर पोरं, कसारा घाटाकडे. आमच्या गावच्या बायकांनी रस्त्याला पाण्याचे हंडे ठेवले होते. टँकरचं पाणी. १८९६ च्या प्लेगमध्येही मुंबई अशीच रिकामी झाली होती, लाखो लोक गावाकडे पळाले होते, हे मी वर्गात दर वर्षी शिकवते. शिकवताना ते मला आकड्यांसारखं वाटायचं. शहराला माणसांचा भार नको झाला की ती ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत जातात, आणि ज्याला परतायला दार आहे त्याचं बरं चालतं. ज्यांचं घर हजार किलोमीटरवर होतं ते चालत होते. आमच्यावाल्यांचं घर दोन तासांवर होतं.

म्हणून त्या यादीत दुसऱ्या बाजूला लिहिलेलं 'भाताचं रान' आणि 'सासूबाई' हे मी आता तोट्यांत धरत नाही. 'सोडून जावं लागेल' असं तिथे लिहिलं होतं, ते खोडून 'टिकवावं लागेल' असं केलं. टिकवायला पैसे लागतात आणि वेळ लागतो, हे खरं. कौलं शाकारायची, बांध घालायचा, लावणीला माणूस मिळत नाही म्हणून स्वतः उतरायचं. काकांनी तीस वर्षांत गावचं घर पडू दिलं. आज त्यांच्या मुलांना मुरबाडला यायचं तर आमच्या भावाकडे पाहुणे म्हणून यावं लागतं.

५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. नागपूरहून निघालेली गाडी आमच्या डोंगरांच्या पोटातून बोगद्याने येते आणि भिवंडीकडे उतरते. पुन्हा आपण वाटेत आहोत. गोदामं आसनगावच्याही पुढे सरकतील, जमिनीचे भाव चढतील, कदाचित कल्याणची माणसं इकडे रूम घ्यायला येतील. आसनगाव स्टेशनजवळ टॉवर उभे राहायला लागलेच आहेत, आणि त्यांच्या जाहिरातीत 'डोंगराच्या कुशीत' असं लिहिलेलं असतं. पाण्याचं काय, हे लिहिलेलं नसतं.

आमचं ठरलं ते असं. टिटवाळ्याला भाड्याने रूम बघितली आहे, अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर. माझं कॉलेज तीन स्टेशनं पलीकडे, गावचं स्टेशन तीन स्टेशनं अलीकडे. मुलीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. सासूबाई गावातच राहणार, रेशनकार्डावरची नावं तशीच ठेवायची ही त्यांची अट, आणि शनिवार-रविवार आम्ही गावी. जुलैमध्ये लावणीला दोघांनीही आठ दिवस रजा काढायची असंही ठरलं आहे. कॉलेजात जुलैमध्ये आठ दिवस रजा मिळत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.